चांद्याच्या आत्राम राजांची वंशावळ

कोरपन्याच्या दक्षिणेस डोंगरांची जी रांग पसरली आहे तिच्यात, गडचांदूरपासून फार दूर नव्हे, माणिकगड नावाचा जुना किल्ला आहे. गहिलू नावाच्या माना राजाने तो बांधला, असे परंपरा सांगते. मानांच्या मागून गोंड आले. आणि चांद्याच्या आत्राम राजकुळाचा मूळपुरुष भीम बल्लाळसिंह याची राजधानी सिरपुरास असताना त्याचा मुख्य आधार हाच गड होता, असेही तीच परंपरा सांगते. म्हणजे ज्या राजवंशाचे नाव आज चंद्रपूरच्या परकोटाशी जोडले जाते, त्याचा पाळणा वर्धा नदीच्या पलीकडे, राजुरा-कोरपन्याच्या डोंगराळ मुलखात हलला.

वंशावळ म्हटली की कागद डोळ्यांपुढे येतो. जपानातील सामुराई सरदारांनी असे कागद जिवापाड जपले. तेथील तोकुगावा राजसत्तेने १६४१ साली सरदार घराण्यांकडून त्यांची वंशवृत्ते मागविली आणि १६४३ साली त्यांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. परंतु मागविणाऱ्याचेच कूळ पाहावे! या सत्तेचा संस्थापक तोकुगावा इयेयासू (१५४३-१६१६) जन्माने मात्सुदाइरा घराण्यातला. तोकुगावा हे नाव त्याने पुढे धारण केले आणि आपला संबंध प्राचीन मिनामोतो कुळाशी लावला; कारण शोगुनपदास ते कूळ शोभून दिसे. हा संबंध मागाहून जुळविलेला असावा, असे इतिहासकार मानतात. तेव्हा वंशावळ कागदावर आली म्हणजे ती खरी झाली, असे मुळीच नाही.

चांद्याच्या राजांनी अशी वंशवृत्ते मागविल्याचे ऐकिवात नाही. गोंडांची कुळे आणि त्यांचे पराक्रम सांभाळण्याचे काम परधानांचे. किंगरीच्या तारांवर आपल्या यजमानाच्या कुळाची कथा गाऊन दाखविणारा परधान हाच त्या घराण्याचा दप्तरदार. चांद्याच्या राजांची नावे आणि त्यांची कालगणना पद्धतशीर कागदावर आली ती मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून. जमीनमहसुलाच्या बंदोबस्तासाठी आलेल्या या गृहस्थाने १८६९ च्या अहवालात चांद्याच्या एकोणीस कारकिर्दींची यादी दिली. आरंभ इसवी सन ८७०, शेवट १७५१. सारा ठरवावयास आलेल्या माणसाने राजकुळाची आठवण टिपून ठेवावी, हा योग विलक्षण खरा!

आता या यादीचे थोडे गणित करून पाहावे. ८७० पासून १७५१ पर्यंत वर्षे झाली ८८१; कारकिर्दी एकोणीस. प्रत्येकीच्या वाट्यास सरासरी सेहेचाळीस वर्षे येतात. एखाद्या राजाने सेहेचाळीस वर्षे राज्य करणे अशक्य नव्हे. परंतु एकामागून एक एकोणीस कारकिर्दींची सरासरी इतकी असावी, हे मनास पटत नाही. दिनकरसिंह सत्तर वर्षे, रामसिंह पासष्ट, आणि बाबाजी बल्लाळशाह तर १४४२ पासून १५२२ पर्यंत, म्हणजे पुरी ऐंशी वर्षे!

या बाबाजीपाशीच यादीची गाठ सुटते. अकबराचा मंत्री अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली. तिच्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा बाबजी येतो, आणि तो हयात राजा म्हणून येतो. त्याच्यापाशी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने दुसऱ्या एका राजाकडून नुकतेच जिंकून घेतले आहे. माणिकगडाचाही उल्लेख तेथे आहे: डोंगरावरचा, दाट अरण्याने वेढलेला, चांद्याजवळचा हा किल्ला अद्याप बादशाही अंमलाखाली आलेला नाही, अशा अर्थाचा. अकबर तख्तावर बसला १५५६ साली. आणि यादी तर बाबाजीस १५२२ सालीच निजधामास पाठविते! समकालीन लेखकाने जिवंत पाहिलेला राजा यादीत पाऊणशे वर्षे आधीच मरून गेलेला असतो.

मग काय, सारी यादी टाकून द्यावयाची? तसे करणे घाईचे होईल. बाबाजी हा यादीतला चौदावा. त्यास इ. स. १५९० च्या सुमारास उभा करून मागे मोजीत गेले, आणि प्रत्येक कारकिर्दीस पंचवीस वर्षे धरली, तर दहावा राजा खांडक्या बल्लाळशाह १४९० च्या आसपास येतो आणि मूळपुरुष भीम बल्लाळसिंह तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा हिशेब अंदाजाचाच आहे. परंतु त्यात नावे एकही गळत नाहीत, त्यांचा क्रमही मोडत नाही. सरकतात ती केवळ साले. राजांची नावे आणि त्यांच्या कथा आठवणीने धरून ठेवल्या. इसवी सनाशी तिला कर्तव्य नव्हते. साले नावांना मागाहून चिकटविली गेली असावीत. नावे निराळी आणि साले निराळी तपासावी, हे बरे.

या नावांतच कुळाचा इतिहास दडलेला आहे. पहिले नऊ राजे ‘सिंह’. दहाव्यापासून पुढे बहुतेक सारे ‘शाह’. नववा सुरजा बल्लाळसिंह दिल्लीस गेला, तेथील बादशहाने त्याच्या गुणांवर प्रसन्न होऊन त्यास ‘शेरशाह’ पदवी दिली, आणि तेव्हापासून कुळात शाह हा शब्द आला, अशी कथा आहे. कथेतला दिल्लीचा प्रवास कोणी मानो वा न मानो. उत्तरेच्या दरबाराशी या अरण्यातील राजाचा संबंध आल्याची खूण म्हणून ते दोन अक्षरी नाव पुरेसे आहे. खांडक्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. झरपटीच्या पात्रातील पाण्याने तो बरा झाला आणि राणीच्या सल्ल्याने तेथेच त्याने नगर वसविले, ही चंद्रपूरच्या जन्माची गोष्ट तर त्या शहरात मुलांनाही पाठ असते.

रक्ताचा धागा तुटण्याचा प्रसंग सतराव्या राजाच्या वेळी आला. बीरशाह हा हिरामन नावाच्या स्वतःच्याच रक्षकाच्या हातून मारला गेला. त्यास पुत्र नव्हता. अशा वेळी जपानात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. उएसुगी केन्शिन हा नामांकित सेनानी १५७८ साली निपुत्रिक मरण पावला. तो स्वतःच नागाओ घराण्यातून उएसुगी कुळात दत्तक आलेला. त्याने दोन मुलगे दत्तक घेतले होते, परंतु वारस कोण ते स्पष्ट ठरविले नव्हते. त्याचे डोळे मिटताच ते दोघे एकमेकांवर शस्त्र धरून उभे राहिले आणि सारा प्रांत त्या भाऊबंदकीत होरपळला. चांद्यास मात्र राणी हिराई होती. तिने कुळातल्याच एका शाखेतील रामशाह हा मुलगा दत्तक घेतला, तो लहान असेतोवर कारभार स्वतः पाहिला, पतीची समाधी बांधिली आणि महाकालीचे देऊळ नव्याने उभारले. वंशावळीत हिराईचे नाव राजांच्या रांगेत नाही, कारण ती रांग पुरुषांची. परंतु अठरावे आणि एकोणिसावे नाव त्या रांगेत आहे ते तिच्यामुळे.

एकोणिसावा नीलकंठशाह. १७४९ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्याच्याकडून दोनतृतीयांश महसूल लिहून घेतला. दोन वर्षांनी त्याने उठाव केला, तो फसला, आणि राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद होऊन तेथेच मरण पावला. राज्य गेले, कूळ गेले नाही. त्याच्या वंशजांना पुढे तनखा मिळत राहिला.

वर्धेपलीकडचा राजुरा-कोरपन्याचा मुलूख पुढे निजामाच्या राज्यात राहिला. १९४० नंतरच्या दशकात फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांचा अभ्यास केला, तेव्हा राजुरा तालुका त्याच जिल्ह्यात होता. परधानांच्या तोंडच्या कथा त्याने टिपून घेतल्या आणि १९४८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या कथांत साले नाहीत; देव आहेत, सगे आहेत, आणि कोणत्या कुळाने कोणाशी सोयरीक करावी याचे कडक नियम आहेत. १९५६ साली राजुरा मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. भीम बल्लाळसिंहाचा माणिकगड अशा रीतीने पुन्हा चांद्याच्या हद्दीत आला; सिरपूर मात्र नव्या सीमेच्या पलीकडे, आज तेलंगणात आहे.