चिखल्या : उपचार आणि प्रतिबंध

गोदावरी, कादवा आणि विहिरी यांच्या पाण्यावर निफाड तालुक्यातील ऊस, द्राक्षे व कांदा यांची शेती उभी राहिली. या पाण्याने घरात पैसा आणला, तसे पायाच्या बेचक्यात एक दुखणेही आणून ठेवले. वीज रात्रपाळीने आली म्हणजे शेतकरी अनवाणी उभा राहून दारे धरतो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याच्या लागवडीसाठी स्त्रिया दिवसभर भिजलेल्या वाफ्यांत रोपे लावतात. मग बोटांमधील कातडी पांढरी व लिबलिबीत होते, खाज सुटते, भेगा पडतात आणि पाऊल टेकताना कळ येते. यासच चिखल्या म्हणतात.

नावामुळे दोष चिखलाकडे जातो. वस्तुतः चिखल केवळ वाट मोकळी करतो. रोग बहुधा बुरशीचा असतो. पान ओले राहिले की केवडा येतो, हे द्राक्षबागायतदारास सांगावे लागत नाही. त्वचेवरील बुरशी निराळ्या जातीची. परंतु ओल तिलाही हवी असते. करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांमधील जागा सर्वांत अरुंद, म्हणून आरंभ बहुधा तेथेच होतो. पाश्चात्य देशांत या विकारास खेळाडूंचे नाव मिळाले, ते सामाईक स्नानगृहे व घामट बूट यांमुळे. आपल्याकडे त्यास शेतमजुराचे नाव अधिक शोभले असते.

प्रत्येक चिखली बुरशीचीच असते असे मात्र नाही. नुसत्या पाण्याने किंवा जिवाणूंमुळेही कातडी तशीच दिसते. म्हणून शंका असल्यास डॉक्टर कातडीचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी ठरल्यास क्लोट्रिमॅझोलचे 1 टक्क्याचे मलम दिवसातून दोनदा, सुमारे 4 आठवडे लावावे लागते. टर्बिनाफिन अनेकदा 1 ते 2 आठवड्यांत काम करते. येथेच बहुतेकांची चूक होते. चार दिवसांत खाज थांबते, मलम कोनाड्यात जाते आणि पुढच्या पाळीला दुखणे पुन्हा उभे राहते.

त्याहून मोठी चूक म्हणजे दुकानात ‘खाजेचे मलम’ मागणे. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली व खाज लवकर दबते, पण बुरशी आत पसरत राहते. गेल्या दशकभरात देशात गजकर्ण हट्टी होण्यामागे हा गैरवापर एक कारण मानला जातो. 2018 साली केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून न विकण्याच्या यादीत घातली. तरीही मागणी थांबली आहे असे नाही.

घरोघरी बेचक्यांत मेंदी भरण्याची चाल आहे. तिने कातडी काहीशी कोरडी पडते, इतकेच. बिब्बा मात्र कधीही लावू नये. त्याने कातडी भाजून फोड येतात.

चिखल्यांनी कोणी मरत नाही, हे म्हणणे अर्धे खरे आहे. भेगांतून जिवाणू आत शिरले की पाय लाल होऊन सुजतो, ताप भरतो, जांघेत अवधाण येते. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. त्याला भेग कळतच नाही आणि जखम चिघळल्यावर पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. अशाने घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये.

प्रतिबंधास खर्च थोडा लागतो. शेतातून आल्यावर पाय धुणे सर्वच जण करतात. बोटांमधील जागा पुसतात थोडे. त्यासाठी वेगळे फडके ठेवावे, ते दुसऱ्याने वापरू नये व उन्हात वाळवावे. गमबूट पाणी अडवतात, पण घामही कोंडतात. म्हणून आत सुती मोजे घालावेत, ते रोज बदलावेत आणि रात्री बूट उपडे न ठेवता तोंड उघडे राहील असे हवेशीर जागी ठेवावेत.