मोटारगाडीची विजेची कांच

तुमसर म्हटलें कीं धानाची बाजारपेठ आठवते. चिखला व डोंगरी बुजरुक येथील मँगनीजच्या खाणीही जवळच. अशा ठिकाणीं कोंडा आणि धूळ मोटारगाडीच्या दारांतील रबरी खांचेंत सांचते, आणि ऐन पावसांत विजेवर चालणारी कांच अर्ध्यावर अडून बसते. तेवढ्यावरून यंत्र निकामी झालें असें मानूं नये.

प्रथम कळ दाबून कान द्यावा. मुळींच आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा. तो वितळला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा बसवावा. २० च्या जागीं ३० चा घातल्यास तारा तापून पेट घेण्याचें भय असतें. फ्यूज शाबूत असेल, तर दोष कळींत, किंवा बिजागरीपाशीं वांकून वांकून तुटलेल्या तारेंत शोधावा. कळ दाबतांच दिवे मंदावत असतील, तर मोटरला वीज पोंचते, पण कांच अडली आहे, असें बहुधा समजावें. मग खांच ओल्या फडक्यानें पुसावी व वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा द्यावा. साध्या तेलानें रबर फुगतें. मोटर फिरते पण कांच हालत नाहीं, तर ती उचलणारी यंत्रणा तुटली असावी.

येथें मात्र गृहस्थानें थांबावें. कांहीं गाड्यांत कात्रीसारख्या पात्यांना ताणलेली कमान जोडलेली असते. मोटर सोडतांच तीं पातीं झटक्यानें फिरून बोटें चिरडूं शकतात. तें काम कारागिराचें. चार पैसे वांचविणें योग्यच. परंतु कोठें थांबावें हें कळणें, हाही दुरुस्तीचाच एक भाग आहे.