कमाल किमतीचा ठेका आणि आपली वर्गखोली
(मुख्याध्यापकांच्या सभेतील भाषण)



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कालांतराने कारखानदारी चाकणपर्यंत पोहोचली. कामगारांची मुले आपल्या शाळांत आली. वर्गखोल्या अपुऱ्या पडू लागल्या. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये काही कारखान्यांकडून बांधकामास साहाय्य मिळते, परंतु ते बहुधा ठरीव रकमेचे असते. म्हणून कमाल मर्यादेच्या ठेक्याचा अर्थ आपणांस ठाऊक असावयास हवा.

या पद्धतीत ठेकेदारास प्रत्यक्ष खर्च व ठरलेला मेहनताना मिळतो, पण एका मर्यादेपर्यंतच. समजा, मर्यादा १२ लाख रुपयांची आहे. एकूण खर्च साडेबारा लाख झाला, तर वरचे ५० हजार ठेकेदाराने सोसावयाचे. तो ११ लाख ४० हजारांतच भागला, तर उरलेले ६० हजार करारात लिहिल्याप्रमाणे मालकाकडे राहतात किंवा दोघांत वाटले जातात.

ही व्यवस्था निर्धोक वाटते. माझ्या पाहण्यातील एका शाळेत मात्र निराळे घडले. जमीन न तपासताच किंमत ठरली. पाया खणताना काळी माती अपेक्षेहून खोल निघाली आणि बराच पैसा पायातच गेला. वाढीव रक्कम मिळणार नव्हती. तेव्हा गिलावा पातळ झाला, स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी धरले गेले नाही. हिशेबात एक रुपयाही अधिक लागला नाही. पण दुसऱ्याच पावसाळ्यात खोली गळू लागली व तिसरीचा वर्ग ओसरीवर बसवावा लागला. तो करार मी वाचला होता. त्यात रक्कम होती, कामाचे वर्णन नव्हते. आणि मीही ते मागितले नाही.

आपण शाळा व्यवस्थापन समितीचे सचिव आहात. तेव्हा किंमत ठरण्यापूर्वी चाचणीचे खड्डे घेण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक बाबीचे माप व प्रत करारात लिहून घ्यावी. पायासारखे अनिश्चित काम मर्यादेबाहेर ठेवून प्रत्यक्ष मापाप्रमाणे देण्याची तरतूद करावी. पाया बुजविण्यापूर्वी व स्लॅब ओतण्यापूर्वी अभियंत्यांस बोलावून नोंद करून घ्यावी. झाकलेले काम मागाहून दिसत नाही.

मर्यादा घालावी ती खर्चाला; ती कामाच्या प्रतीला पडू नये, एवढीच दक्षता आपण घ्यावी, ही विनंती.