हौशी रेडिओ आणि आवाजाची चाळण

संध्याकाळीं सातच्या सुमारास घाटकोपर अथवा मुलुंड येथील एखाद्या हौशी रेडिओवाल्याच्या खोलींत नवख्या मनुष्यानें पाऊल टाकलें, तर तेथील कोलाहल ऐकून तो प्रथम गोंधळूनच जातो. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर ७००० पासून ७२०० किलोहर्ट्झपर्यंतची जागा भारतांतील परवानाधारक हौशी मंडळींस नेमून दिलेली आहे. पूर्वीं ज्यास किलोसायकल म्हणत तोच हा आजचा किलोहर्ट्झ. या दोनशे किलोहर्ट्झांच्या गल्लींत सांजवेळीं दूरदूरचे आवाज एकदम दाटीवाटीनें उभे राहतात. कोणी हिंदींत बोलतो, कोणी इंग्रजींत, कोणी आपल्या गांवच्या पावसाची हकीकत सांगतो. या गर्दींतून जो एक आवाज ऐकावयाचा तेवढाच वेगळा काढणारा जो भाग ग्राहक यंत्रांत असतो त्यास फिल्टर म्हणतात. आपल्या घरगुती भाषेंत ती चाळणच होय. मात्र पिठाची चाळण आणि रव्याची चाळण एक नव्हे, आणि येथेंही नेमका तोच प्रश्न उभा राहतो : बोलणें ऐकण्यासाठीं ही चाळण किती रुंद असावी?

सामान्य समजूत अशी कीं, चाळण जितकी अरुंद तितका खडखडाट कमी आणि ऐकणें सोपें. ही समजूत अर्धीच खरी आहे. ती पुरती खरी मानल्यामुळें अनेक उत्साही तरुण बटण फिरवून आवाज इतका आवळतात कीं, बोलणारा मडक्यांत तोंड घालून बोलतो आहे असें वाटावें.

मुंबईच्या लोकांस या पट्ट्याविषयीं एक वेगळीच आत्मीयता वाटण्यास कारण आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्यें उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत जें गुप्त काँग्रेस रेडिओ चालविलें, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांच्या धाडीनें जें बंद पडलें, त्याची लहर ४२.३४ मीटरांची होती. हिशेब केला तर ती सुमारें ७०८० किलोहर्ट्झ येते. म्हणजे आज ज्या गल्लींत हौशी मंडळी गप्पा मारतात त्याच गल्लींतलें तें एक घर. त्या काळच्या पद्धतींत मूळ लहर आणि तिच्या दोन्ही अंगांस आवाजाच्या दोन जुळ्या पट्ट्या पाठविल्या जात, त्यामुळें बोलण्यासाठीं पांच-सहा किलोहर्ट्झ जागा लागे. आजचा हौशी रेडिओवाला मूळ लहर आणि एक पट्टी गाळून टाकतो व उरलेल्या एकाच पट्टीवर काम भागवितो. चाळीस मीटरवर ही पट्टी खालच्या अंगाची घेण्याचा प्रघात आहे. तिला अडीच किलोहर्ट्झांच्या आसपास जागा पुरते.

हा अडीचचा आंकडा मनुष्याच्या कंठांतून आला आहे. टेलिफोनच्या तारांवरून ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेण्याची वहिवाट पडली; हौशी मंडळींनीं त्यांतही काटकसर करून ३०० ते २७०० वर समाधान मानिलें. ३०० च्या खालीं आवाजाचा भारदस्तपणा असतो, अर्थ फारसा नसतो. वरच्या बाजूस मात्र अर्थच राहतो. ‘मीठ’ आणि ‘मूठ’ हे दोन शब्द घ्यावे. ई आणि ऊ या दोन्ही स्वरांचा पहिला घुमारा ३०० हर्ट्झांच्या जवळपास असतो, त्यावरून त्यांतला भेद कळत नाहीं. भेद कळतो तो दुसऱ्या घुमाऱ्यावरून : ऊचा तो हजाराच्या आंत राहतो, तर ईचा पुरुषाच्या आवाजांत २२०० च्या सुमारास आणि स्त्रीच्या आवाजांत पुष्कळदां २५०० च्याही पलीकडे जातो. आतां कोणी चाळण १.८ किलोहर्ट्झ एवढी अरुंद करून ३०० ते २१०० एवढाच आवाज घेतला, तर ईचें डोकें उडून जातें, आणि मीठ मागितलें कीं मूठ मागितली हें ऐकणाराच्या तर्कावर राहतें. बाईचा आवाज ऐकतांना चाळण थोडी सैल सोडावी, हें त्यावरून सहज ध्यानीं येईल. आपल्याकडील यंत्रें बहुधा पुरुषांच्या आवाजावर जुळविलेलीं असतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

‘स’ची गोष्ट आणखी अवघड आहे. त्याचा मुख्य जोर ४००० हर्ट्झांच्या वर असतो, म्हणजे हौशी रेडिओच्या कोणत्याही चाळणींतून तो पुरा येतच नाहीं. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक ऐकणारा ओळखतो तो शब्दाच्या आरंभींच्या किंचित् खंडावरून आणि तीन हजारांच्या खालीं उरलेल्या थोड्याशा सुसकाऱ्यावरून. चाळण आवळली कीं हा सुसकाराही जातो.

मग अरुंद करून मिळतें काय? आकाशांतून येणारा आणि शहरानें घातलेला एकसारखा खरखराट सर्व पट्ट्यावर सारखा पसरलेला असेल, तर चाळणींतून येणारा त्याचा भाग रुंदीच्या प्रमाणांत कमी होतो. २.४ किलोहर्ट्झांवरून १.८ वर आलें तर हा लाभ अवघा सव्वा डेसिबल. कानास तो जेमतेम जाणवतो. सव्वा डेसिबलासाठीं ई गमावणें हा तोट्याचा सौदा आहे, असेंच म्हणावें लागेल.

शेजारी भांडखोर असला म्हणजे मात्र गणित पालटतें. समजा, आपण खालच्या पट्टीवर ७१०० किलोहर्ट्झवर ऐकत आहों आणि दुसरें कोणी ७०९८ वर बोलूं लागलें. आपली जागा ७०९७.३ ते ७०९९.७ पर्यंत, त्याचा आवाज ७०९७.७ पासून खालीं. म्हणजे त्याचे ३०० ते ७०० हर्ट्झांमधले जोरकस स्वर आपल्या कानांत २३०० ते २७०० वर चिवचिवाट करीत येतात. येथें वरची कड २२०० वर आणली कीं चिवचिवाट थांबतो, आणि पुरुषाचा ई कसाबसा वांचतो. आतां तोच शेजारी ७१०२ वर असला तर काय होतें? त्याचे २३०० ते २७०० हर्ट्झांचे सूर आपल्या ३०० ते ७०० मध्यें शिरतात; पण मनुष्याच्या आवाजांत तेवढ्या उंचीवर जोर थोडा असतो, म्हणून हा शेजारी फारसा छळत नाहीं. ज्याच्या यंत्रांत दोन्ही कडा स्वतंत्रपणें सरकविण्याची सोय आहे त्यानें कोणत्या बाजूनें त्रास होतो हें आधीं ओळखून तेवढीच कड हलवावी. दोन्ही कडा एकदम आवळणें म्हणजे एका दारांतून चोर आला म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या चिणून टाकणें होय.

उपनगरांतल्या मनुष्याची खरी डोकेदुखी निराळीच आहे. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ सालीं आली. आज पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवर २५,००० व्होल्टांची वीज खेळते, आणि २०१४ पासून अंधेरी-घाटकोपर मेट्रोही आहे. तारेशीं उडणारी ठिणगी ही क्षणमात्र टिकणारी पण अतिशय रुंद टकटक असते. अशी टकटक अरुंद चाळणींत शिरली कीं घंटेवर टोला पडावा तशी ती लांबते; क्षणाची टिचकी ठणठणाट होऊन बसते. म्हणून टकटक कापणारी योजना चाळणीच्या अलीकडे, जेथें पट्टा अजून रुंद आहे तेथें, असावी लागते. चाळणीनंतर ती बसविली तर तिचा उपयोग राहत नाहीं. मालाडकडच्या लोकांस तर आकाशवाणीचे मध्यम लहरींचे जबर प्रक्षेपक शेजारीच. त्यांच्या लहरी यंत्राच्या पहिल्याच दालनांत गर्दी करून एकमेकींत मिसळतात आणि भलतेच सूर निर्माण करितात. त्यावर आवाजाची चाळण आवळून उपयोग नाहीं. एरिअलच्या तोंडाशींच मध्यम लहरी अडवाव्या लागतात. शेजारच्या फ्लॅटांतील एल्. ई. डी. दिवे आणि चार्जर यांचा गुरगुराट हाही असाच. त्यावर उतारा एरिअलची जागा बदलण्यांत, अथवा शेजाऱ्याशीं गोड बोलण्यांत आहे.

पूर्वीं चाळण स्फटिकांची असे, आणि विकत घेतली कीं जन्माची एकच रुंदी पदरीं पडे. आजच्या महागड्या यंत्रांत ती गणितानें होते व बटणासरशीं बदलते. पण स्वतःच्या हातानें यंत्र जुळविणारे अजून आहेत. हैदराबादचे अश्हर फरहान यांनीं रचलेला ‘बिट्‌एक्स’ हा स्वस्त संच भारतांत पुष्कळांनीं घरीं जुळविला. त्याची चाळण साध्या, बाजारांत मिळणाऱ्या स्फटिकांची. लॅमिंग्टन रोडवरून एकाच जातीचे मूठभर स्फटिक आणावे, एकेक तपासून ज्यांची कंपनसंख्या अगदीं जवळजवळ आहे तेवढे निवडावे, आणि मधले कपॅसिटर वाढवीत नेले कीं चाळण अरुंद होत जाते. एकच रुंदी ठेवावयाची असेल तर २.४ च्या आसपास थांबावें. त्याहून अरुंद करण्याचा मोह टाळलेला बरा.

हा सारा काथ्याकूट गप्पांपुरता असता तर एवढा खोल जाण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामी आली तेव्हां भारती प्रसाद या हौशी रेडिओच्याच कामासाठीं पोर्ट ब्लेअरमध्यें होत्या, आणि तेथून बाहेरच्या जगाशीं निरोपांची ने-आण त्यांनीं रेडिओवरून केली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, लोकल बंद पडल्या, टेलिफोन कोलमडले, तेव्हां सरळ तार तुटली म्हणजे काय होतें तें उपनगरांनींही अनुभविलें. अशा वेळीं लहरीवरून जातात तीं नांवें, पत्ते आणि आंकडे. गप्पांत एखादा शब्द हुकला तर मागच्या-पुढच्यावरून जुळवितां येतो. आडनांवाला किंवा संख्येला मागचें-पुढचें नसतें. साठ माणसांसाठीं नाव मागविली आणि आठांसाठीं पोहोंचली, तर बावन्न माणसें पाण्यांत उभीं राहतात.

त्यामुळें निरोप घेणाऱ्यानें आरंभीं चाळण २.७ वर सैल ठेवावी, शेजारी आडवा आला तर आणि तेवढ्यापुरतीच त्या बाजूची कड आंत घ्यावी, आणि तो गेला कीं पुन्हां सोडावी. देणाऱ्यानें तर संख्या कधींही एका शब्दांत सांगूं नये : ‘साठ’ न म्हणतां ‘सहा, शून्य’ म्हणावें, मग ‘पुन्हां सांगतों’ म्हणून तेंच एकदां उच्चारावें, आणि घेणाऱ्यानें तें परत वाचून दाखविल्यावांचून पुढच्या ओळीस हात घालूं नये.