प्रक्षेपकाचे पहारेकरी

व्हॉल्व्हवर चालणारा मोठा मध्यम लहरींचा प्रक्षेपक एका बटणासरशी सुरू होत नाही. आधी थंडाव्यासाठी हवा, पाणी वाहू लागतं, मग फिलामेंट तापतो, ग्रिडला बायस मिळतो आणि शेवटी हजारो व्होल्टचा दाब जोडला जातो. एक अट अपुरी राहिली, की नियंत्रण मंडल पुढे जाऊच देत नाही. कॅबिनेटचं दार उघडलं, की पुरवठा तुटतो, कपॅसिटरमधला साठा अर्थिंगमधून उतरतो. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे माणसाचा जीव वाचतो.

अँटेनाच्या मनोऱ्याजवळ वीज कडाडून ठिणगी पडली, तर ऊर्जा प्रक्षेपकाकडे परत फिरते. संरक्षण मंडल क्षणार्धात प्रक्षेपण तोडतं, पुन्हा जोडून पाहतं. दोष वारंवार आला तर बंदच ठेवतं. तेव्हा वादळात आवाज क्षणभर गेला, तर रेडिओ लगेच बंद करू नका.