घटकाभर स्वतःपाशी
(जीर्णोद्धार सोहळ्यात कीर्तनापूर्वी झालेले भाषण)



ध्यानाविषयी चार शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी अधिकारी पुरुष नव्हे. शाळेत बत्तीस वर्षे मुलांना ‘गप्प बसा’ म्हणत आलो. स्वतः गप्प कसे बसावे, हे निवृत्तीनंतर शिकलो.

माझा धाकटा मुलगा अपघातात गेला, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा आपण सर्वांनी आमचे घर सांभाळले. तेरावे झाले आणि मी पुन्हा टाळ घेऊन भजनाला येऊ लागलो. लोक म्हणाले, गुरुजींनी दुःख पचवले. पचवले कसले! रात्र रात्र डोळा लागत नसे. चहा निवला तरी सुनेवर खेकसत असे. एके दिवशी पाच वर्षांच्या नातवाने काकाच्या सायकलीची घंटी वाजवली, तेवढ्यावरून मी त्याच्यावर हात उगारला. पोर रडले नाही. कणगीमागे जाऊन बसले. त्याचे ते डोळे पाहून मी हादरलो.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून २०१९ साली इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास गेलो. शुल्क नाही, ज्यांना लाभ झाला त्यांच्या दानावर सारे चालते. पहाटे चारला घंटा. बोलणे बंद, वाचन-लेखन बंद, आणि आम्हां माळकऱ्यांना जड गेले ते म्हणजे नामजपही तेवढे दिवस बंद. खरे सांगतो, पहिल्या रात्री पिशवी भरून ठेवली होती.

पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. येतो तो येतो, जातो तो जातो, एवढे नाकपुडीशी जाणायचे. मन उसाच्या बिलावर जाते, भावकीच्या बांधावर जाते. गेले हे कळले की न रागावता परत आणायचे. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना तशाच पाहायच्या. मला सहाव्या दिवशी घशात आवळा अडकल्यासारखे झाले. एरवी मी पाणी प्यालो असतो, उठून कुणाशी बोललो असतो. तिथे उठायची सोय नव्हती. पाहत राहिलो. मग आसवे सुरू झाली. मुलगा गेल्यावर मी प्रथमच रडलो, मंडळी.

ही विद्या भारतात पुन्हा आणणारे सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील व्यापारी. अर्धशिशीने इतके बेजार, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. परदेशांतले डॉक्टर झाले. शेवटी १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ त्या देशाचे महालेखापाल राहिलेले. डोके दुखते म्हणून आलात, तर येऊ नका, असे त्यांनी सांगितले. मन निर्मळ करायचे असेल तर या. दुखणे गेले तर तो वरचा लाभ. गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले.

मला ही गोष्ट फार पटते. आपण देवाशी जसा नवस बोलतो, तसा ध्यानाशी बोलू नये. दहा दिवसांत दुःख नाहीसे होईल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. आणि घरात कुणाला मनाचा मोठा आजार असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या. शिबिराच्या अर्जातही हे विचारतात.

इगतपुरीला जाणे सर्वांना जमेल असे नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, ध्यानयोगाचा, आपण दरवर्षी पारायणात वाचतो. वाचतो आणि सातव्याकडे जातो. काकड्यानंतर हा नवा सभामंडप रिकामा असतो. मी तिथे अर्धा तास डाव्या खांबापाशी बसतो. कुणी आले तर शेजारी सतरंजी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आणावी, त्यात कमीपणा नाही.

ती घंटी गेल्या वर्षी मीच तेल घालून नातवाच्या सायकलीला बसवून दिली. शाळेला जाताना तो ती वाजवीत जातो. पहिल्या आवाजाला अजून छातीत कळ येते. येते, जरा थांबते, जाते. तोवर पोरगा वेशीपाशी पोचलेला असतो.

बुवा केव्हाचे थांबले आहेत. आपली रजा घेतो. रामकृष्णहरी.