मशीनचा लायनर : रबराचा की सिलिकॉनचा?

आज आम्ही गटातल्या बाया दुधाच्या मशीनबद्दल बोलणार आहोत. मशीन कोणतं घ्यावं ते नाही, ते बऱ्याच जणींचं घेऊन झालंय. त्यातला एक लहानसा भाग, लायनर, रबराचा घ्यावा की सिलिकॉनचा, एवढंच.

शिरूर काय नि दौंड काय, दोन्हीकडे ऊस आणि गाई. घरातली माणसं रांजणगावला नाहीतर कुरकुंभला शिफ्टला जातात आणि पहाटेची धार बाईच्या वाट्याला येते. मशीन आलं तशी मनगटं सुखावली. पण त्या सगळ्या मशीनमधलं सडाला लागतं ते फक्त लायनर. बाहेर कडक कवच, आत ही मऊ नळी. मिनिटाला साधारण साठ वेळा ती उघडते आणि मिटते. उघडली की दूध येतं, मिटली की सडाला मालिश होते. नळी ताठरली की मालिश नीट होत नाही, सडाचं टोक कडक होतं, दूध कासेत मागे राहतं आणि दगडीला वाट मिळते.

आमच्यातल्या एका वहिनींच्या गाईला दोन महिन्यांत दोनदा दगडी झाली. औषधाचा खर्च झालाच, वर डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस दूध डेअरीला घालता आलं नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "लायनर दाखवा." बॅटरी लावून आत पाहिलं तर बारीक चिरा. तोंड गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालं होतं. कधी बसवला? मशीन घेतल्यापासून तोच! दगडीला कारणं पुष्कळ असतात, गोठ्यातली ओल, न धुतलेले हात. पण असा लायनर ठेवून बाकीची कारणं शोधायची कशी?

मग आम्ही चौकशी केली. रबर दुधातला स्निग्धांश शोषून घेतं, धुण्याच्या औषधानं हळूहळू कडक होतं, आणि चिरेत दूध अडकलं की जंतू वाढतात. म्हणून साधारण 2500 धारा किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा रबरी लायनर बदलायचा. एका गाईची एक वेळ म्हणजे एक धार. दहा गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 20. सव्वाशे दिवसांत, चार महिन्यांतच 2500 भरतात! आम्ही वर्ष-वर्ष काढत होतो.

सिलिकॉन स्निग्धांश फारसं शोषत नाही, उष्णता सोसतं, मऊ राहतं आणि रबराच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त टिकतं. पण महाग. आणि एकदा बारीक काप गेला की फाटत जातं. गाईनं पाय ठेवला, नख लागलं, संपलं.

आता हिशेब. समजा रबरी संच 1000 रुपयांना, 2500 धारा. धारेला 40 पैसे. समजा सिलिकॉनचा 2500 रुपयांना, 5000 धारा. धारेला 50 पैसे. तोही पूर्ण टिकला तर. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच भागाकार करा. मात्र दोन-तीनच गाई असतील तर 2500 धारा भरायच्या आधीच सहा महिने उलटतात आणि रबर महाग पडतं. तिथं सिलिकॉनचा विचार करावा, गाय शांत असेल तर.

आम्ही लायनर रबराचेच ठेवले, कारण आमच्याकडे दोन गाई लाथाड्या आहेत. दुधाच्या लांब नळ्या मात्र सिलिकॉनच्या पारदर्शक घेतल्या. आत मळ राहिला की लगेच दिसतो. दुकानदार "काहीही चालतं" म्हणाला तरी कंपनी आणि मॉडेल सांगूनच लायनर मागा, कवचात तो बरोबर बसला पाहिजे. चारही एकाच प्रकारचे हवेत. दोन रबराचे, दोन सिलिकॉनचे असं करू नका. धार झाली की आधी कोमट पाण्यानं धुवायचं. एकदम कढत पाणी घातलं तर दूध आत चिकटून बसतं.

बदलल्याची तारीख आम्ही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहितो. एका आजींनी ती सारवताना पुसली, म्हणून आता दुधाच्या वहीतही लिहितो. पुढच्या बैठकीला येताना आपापला जुना लायनर आणि बॅटरी घेऊन या, एकत्र बसून बघू.